उपासाला चालणारी गोळी

“आबा, गोयी खादी का?”

साक्रीकडच्या आमच्या गावात आशा सेविकेचं काम करणारी अक्का रामराम घालायचीच नाही, थेट हे विचारायची. तोंडी उत्तरावर तिचा विश्वास नव्हता. पाकीट मागून किती गोळ्या उरल्या ते स्वतः बघायची.

मी तिथल्या उपकेंद्रात नर्स. बीपीचे पेशंट कसे असतात, तुम्हीही घरोघरी बघितलंच असेल. महिनाभर गोळी घेतली, डोकं दुखायचं थांबलं, की झाले बरे! पाकीट जातं देव्हाऱ्यामागे. मी समजावून दमायचे. अक्का भांडायची. एका आबांनी गोळी सोडली तर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली, ती दुपारपर्यंत उठली नाही. शेवटी आबांनीच हात टेकले.

श्रावणात बायांचा एकच हट्ट, औषधाने उपास मोडतो. अक्का बेधडक सांगायची, “ही फराळनी गोयी शे, उपासले चालस.” मी म्हटलं, अक्का, खोटं कशाला बोलता? तर माझ्यावरच उखडली. देवाचं मी बघते, तू तुझं रजिस्टर भर म्हणाली.

तिला स्वतःलाही बीपी होतं. गोळ्या मीच द्यायचे.

गेल्या श्रावणात तिच्या घरी कानबाई, आमच्या खान्देशातली देवी, बसली. विसर्जन झालं, पण प्रसादाचे रोट उरले होते. ते संपेपर्यंत त्या घरात दुसरं काही तोंडात घालत नाहीत. मी दारातूनच सहज विचारलं, गोळी चालू आहे ना? तिने मान खाली घातली.

“रोट सरतस तोपावत नही, सिस्टर. कानबाईनं काम शे.”

तिसऱ्या दिवशी तिचं अर्धं अंग गेलं. धुळ्याला नेली, तिथून जिवंत परत आली नाही.

गावात म्हणतात, भाग्याची, कानबाईनेच नेली. ऐकलं की माझ्या अंगाची लाही लाही होते. देवीने कधी म्हटलं होतं गोळी घेऊ नको म्हणून? आणि अक्का, सगळ्या गावाशी भांडलीस ना, मग स्वतःच्याच घरात का नाही भांडलीस? मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते.

आणि मी तरी काय केलं? कुणाच्या देवाधर्मात कशाला तोंड घाला, म्हणून “बरं अक्का” म्हटलं, पिशवी खांद्याला लावली आणि शेजारच्या घरी बीपी मोजायला गेले.