जेवणार नाही ना?

लोकांना कसं विचारावं हे मला चांगलं कळतं, असं मला या हिवाळ्यापर्यंत वाटत होतं. "चहा घेता का?" असं मी आयुष्यात कुणाला विचारलं नाही. त्यात मला विचारणाऱ्याचा चिकटपणा दिसतो. द्यायचाच असेल तर विचारता कशाला, मांडा की सरळ! "चहा घेत नाही का?" हा आमच्या वाशीमकडचा भरल्या घरातला प्रश्न. त्यात आग्रह असतो, थोडा लटका रुसवाही असतो. पण माझ्या जिभेवर बसला तो तिसराच. "चहा नाही ना घेणार?"

हा प्रश्न हसून विचारायचा, मान जराशी कलती करून. समोरचा लगेच म्हणतो, "नाही नाही, आत्ताच झाला." विचारल्याचं विचारलं जातं आणि गॅसही पेटवावा लागत नाही. शहराला लागून आमचा भाजीचा मळा आहे. पहाटे मेथी आणि आमच्याकडं सांभार म्हणतात ती कोथिंबीर उपटायची, जुड्या बांधायच्या, बाजारात बसायचं, दुपारी घरी येऊन पुन्हा चुलीपुढं. त्यात आल्यागेल्याचा चहा कुठं करत बसू? आमचे हे म्हणायचे, "तू इचारत नाईस, लोकाईच्या तोंडात उत्तर कोंबतेस." मी म्हणायची, "मंग उठा, तुमी मांडा." की यांचा पेपर उघडलाच.

बाजारात कुणी "मेथी ताजी नाही का?" असं नाक मुरडून विचारलं की मात्र माझं डोकं फिरायचं. "नाई, तुमच्यासाठीच शिळी राखून ठेवली," असं मी ठणकावून सांगायची. दुसऱ्याच्या प्रश्नातली खोच मला बरोबर टोचायची. स्वतःची कधी टोचली नाही.

मग सून आली, मालेगावजवळच्या किन्हीराजा गावची. तिची बोलण्याची तऱ्हा निराळी. "आई, चहा मांडू नं?" "जरा बसता नं?" "वाढू नं?" तिच्या प्रश्नात 'हो' आधीच मांडी घालून बसलेला. सुरुवातीला मला ते फार गुळचट वाटलं. एकदा मी चिडून म्हटलंही, "तुझ्या माहेरी कोनी नाई म्हनतच नाई का?" ती हसली. म्हणाली, "बाबा असेच इचारतात सगळ्याईले."

तिचे बाबा, म्हणजे आमचे इवाई. तिच्या आईला गुडघ्यांमुळे गाडीचा प्रवास झेपत नाही, म्हणून लेकीला भेटायला यायचे ते एकटेच. आमच्यात रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी जेवायचं नाही. कुणी आता एवढं पाळत नाही, पण इवाई पाण्याचा घोटही घेत नसत. पिशवीत हळद, तुरीची डाळ आमच्यासाठी आणि पाण्याची बाटली स्वतःसाठी. ओसरीवरच्या खाटेच्या अगदी कडेला बसायचे, बाटली खाटेच्या पायाशी ठेवायचे. मी दारातूनच म्हणायची, "इवाई, पानी नाई ना घेनार?" ते म्हणायचे, "नाई इहीनबाई, संग आनलं हाय." आणि आम्ही दोघंही हसायचो. माझ्या प्रश्नाला इतका शोभणारा पाहुणा मला दुसरा मिळाला नव्हता.

सुनेला मुलगी झाली. बाळंतपण माहेरीच झालं आणि थंडी जरा कमी झाल्यावर ती बाळाला घेऊन घरी आली. त्यानंतर आठवडाभरातच एका सकाळी, मी जुड्या बांधत असताना म्हणाली, "आई, आज बाबा येनार हायेत. पुरन घालू नं?" मी मान वर न करता म्हटलं, "घाल." तेवढ्यावर तिनं मानलं की मला सगळं समजलं. समजायलाच हवं होतं. रीत आमची, नात आमची, आणि पुरणाची डाळ माझ्याच डब्यातली.

त्या दिवशी बाजार काही जमला नाही. उन्हानं सांभार मान टाकून बसला, गिऱ्हाईकं जीव खाऊन गेली. दुपारी तणतणत घरी आले तर इवाई ओसरीवर, नात मांडीवर. त्यांचे पाय ओले होते. अंगणातल्या नळावर धुऊन बसले होते. खाटेच्या पायाशी बाटली नव्हती. हे दोन्ही मी पाहिलं, अगदी डोळ्यांनी पाहिलं, आणि तरीही जीभ आपल्या वाटेनं गेली.

"काय इवाई, आज बी जेवनार नाई ना आमच्याकडं?"

आणि हसले. मान कलती करून.

त्यांनी एकदा आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग बाळाकडे. "नाई, नाई इहीनबाई," ते म्हणाले, "मालेगावची गाडी हुकते मंग." मुलीच्या दारात बाप भूक दाखवत नाही. घरच्या बाईनंच नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरं काय म्हणायचं होतं? त्यांनी नात माझ्या हातात दिली, टोपी घातली. सून दारात आली तेव्हा तिच्या हातात हात धुवायचा तांब्या होता. तिच्या डोक्यावर हात ठेवून "येतो बाई" म्हणाले आणि निघाले.

बाळाला पाळण्यात टाकायला मी आत गेले. स्वयंपाकघरात पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी. ताटात पुरणपोळी, भजी, कढी, आणि शेजारी तुपाची वाटी काठोकाठ. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बाळाला तसंच छातीशी धरून मी अनवाणी फाटकापर्यंत पळाले. रस्त्यावर ते दिसले नाहीत, ऑटोत बसून गेले होते.

मी फोन लावला. "परत या" एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं काय? "इवाई, राग नाई ना आला?"

"नाई हो इहीनबाई. राग कायचा?"

"भूक नाई ना लागली?"

"नाई."

आणि मला हायसं वाटलं. क्षणभरच, पण खरोखर हायसं वाटलं. त्या दिवसातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा मला या हायसं वाटण्याची जास्त लाज वाटते.

सून ताट झाकत होती. "बाबा सकायपासून उपाशी होते," ती म्हणाली. रडत नव्हती. "पयला घास इथंच घ्याचा म्हनून."

मी विचारलं, "तुले वाईट नाई ना वाटलं?"

"नाई, आई."

संध्याकाळी यांना सांगितलं. हे काहीतरी टोमणा मारतील, मग मी भांडेन, मन हलकं होईल, असं वाटलं होतं. यांनी तेही केलं नाही. पेपरही उघडला नाही.

इवाई पुन्हा आले ते महिन्याभरानं. त्या दिवशी मी बाजारात गेलेच नाही. सकाळपासून सुनेबरोबर पोळ्या लाटल्या, आणि त्यांच्या आधी आपण जेवायचं नाही म्हणून मीही उपाशी राहिले. काही विचारायचंच नाही, सरळ सांगायचं, हे चुलीपुढं घोकून ठेवलं होतं: इवाई, हात धुवा. ते आले, खाटेच्या कडेला बसले. पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि खाटेच्या पायाशी ठेवली.

"इवाई, हात धुवा," मी म्हटलं.

ते उभे राहिले, हात जोडले. "जेवूनच निंगालो घरून, इहीनबाई. तुमी काहून तरास घेता?" त्यांच्या बोलण्यात राग शोधला, सापडला नाही. राग असता तर मी पाय धरले असते, निदान भांडले तरी असते. त्या माणसानं मला त्रास नको म्हणून जुनी रीत पुन्हा चालू केली होती. नातीला खेळवलं, आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले आणि गाडीच्या वेळेला निघून गेले.

मी ओसरीवरच बसून राहिले. दुपार कलली होती, पोटात आग पडली होती. आतून पोळ्यांचा वास येत होता. सून स्वयंपाकघराच्या दारात आली. नेहमी "वाढू नं?" म्हणणारी ती. पदराला हात पुसत, मान जराशी कलती करून, थोडंसं हसून तिनं विचारलं, "आई, तुमी इतक्यात जेवनार नाई ना?"

मी म्हटलं, "नाई."