टप्पा टाकू नको!

चार माणसं, तीन खोल्या आणि एक बाथरूम, एवढं भांडवल असलं की किस्से तयार करावे लागत नाहीत. ते रोज सकाळी दारावर टकटक करतात! आता मी अमेरिकेतच, हर्नडन गावी नोकरी करतो, घरात दोन बाथरूम आहेत आणि सांगण्यासारखं काहीही घडत नाही. पण शनिवारी कोणी जेवायला जमलं आणि टीव्हीवर फुटबॉल लागला, की बायको म्हणते, "झालं, आता जॅरड येणार."

जॅरड म्हणजे आमचा चौथा रूममेट. पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरांत एक कॉलेजचं गाव आहे, तिथे मी, पुण्याचा चिन्मय आणि कायम लॅबमध्येच झोपणारा एक तेलुगू मुलगा, असे पीएचडी करत होतो. खोली रिकामी होती म्हणून बोर्डावर जाहिरात लावली. दुसऱ्या दिवशी दारात सहा फूट तीन इंचांचा ऑस्ट्रेलियन उभा! वय सव्वीस आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला!

चिन्मयनं मला बाजूला घेतलं. "यार, हा किती वेळा नापास झाला असेल?"

*

नापास नव्हता. आधी तो प्रोफेशनल फुटबॉलर होता. पण कसला फुटबॉल, हे समजायला आम्हाला एक आठवडा लागला. आपला गोल चेंडूवाला नाही, इथला हेल्मेटवाला नाही, तर तिसराच. ऑस्ट्रेलियन रूल्स.

तो पोळीच्या पिठात बोटानं मैदान काढून समजावत होता. क्रिकेटचं अख्खं मैदान. लांबट चेंडू. अंगात बिनबाह्यांचा बनियन, डोक्यावर काही नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला तर सहा पॉइंट.

"आणि चुकून बाजूच्या खांबामधून गेला तर?" मी विचारलं.

"तर एक पॉइंट."

चिन्मयनं लाटणं खाली ठेवलं. "चुकलं तरी मार्क देतात? यार, हा खेळ आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजला हवा होता!"

*

सात वर्षं तो त्यात होता. शाळा संपताच क्लबनं उचललं. मेलबर्नला गेला, पेपरात फोटो आला, गावातल्या बेकरीनं त्याच्या नावाचं पॅटिस काढलं. मग एकदा गुडघा, एकदा खांदा, आणि बराचसा वेळ दुसऱ्या टीममध्ये. सातव्या सीझननंतर मॅनेजरनं बोलावलं आणि "थँक्स, मेट" म्हणून हात मिळवला. संपलं.

हे सगळं त्यानं आम्हाला पोह्यांचा कांदा चिरताना सांगितलं, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कशाचं हे कोणी विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं होतं. सव्विसाव्या वर्षी आपण नुकते कुठे सुरू होतो, आणि हा रिटायर झाला होता.

पण त्या खेळातली पोरं धावता धावता चेंडू पायानं मैलभर लांब मारतात, आणि अमेरिकन कॉलेजांना असे पाय हवे असतात. इथे टीमचे दहा यार्ड पुढे सरकायचे तीन प्रयत्न फसले, की चौथ्याला एक माणूस येऊन चेंडू शक्य तितका लांब हाणतो आणि समोरच्या टीमच्या गळ्यात घालतो. तो पंटर. जॅरडला त्या कामाची स्कॉलरशिप मिळाली होती. दर वर्षी नवी करायची. कोचला आवडला तर डिग्री, नाहीतर घरी जाऊन वडिलांबरोबर नळ दुरुस्ती.

*

त्याची पहिली मॅच बघायला आम्ही तोंडाला रंग फासून गेलो. तीन तास उन्हात बसलो. जॅरड चारदा मैदानात आला, चारदा लाथ मारली, चारदा परत जाऊन बाकावर बसला.

संध्याकाळी चिन्मय त्याला म्हणाला, "ब्रो, एवढ्यासाठी रोज चार तास प्रॅक्टिस?"

जॅरड बर्फाच्या पाण्यात पाय घालून बसला होता. म्हणाला, "तिकडे दिवसभर पळायचो आणि कोणी विचारत नव्हतं. इकडे दिवसभर बसतो आणि फुकट शिकवतात. सांग, हुशार देश कुठला?"

*

आता विद्याकाकू. काका गावातले जुने हार्ट स्पेशालिस्ट, आता रिटायर्ड. दोघं पस्तीस वर्षांपासून तिथे. गावात इंडियन दुकान एकच आणि तेही बेभरवशाचं, त्यामुळे मराठी पोरांचं शनिवारचं जेवण काकूंकडे. काका हॉस्पिटलात रात्रंदिवस अडकलेले असायचे तेव्हा काकू एकट्या टीव्ही बघत बघत फुटबॉल शिकल्या. इतक्या शिकल्या, की रेफरीनं शिट्टी वाजवायच्या आत फाउल कोणाचा ते सांगतात.

आम्ही जॅरडला घेऊन गेलो. काकूंनी त्याच्या ताटात तिसरी पुरणपोळी घातली आणि विचारलं, "व्हॉट पोझिशन?"

"पंटर, मॅम."

काकूंचा चेहरा पडला. आमच्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "अरे देवा! पंटर आला की मी चहा टाकायला उठते."

चिन्मयनं त्याचं शब्दशः भाषांतर करून टाकलं! मी टेबलाखालून लाथ मारली, पण उशीर झाला होता. जॅरड पोट धरून हसला. मग तुपाचं बोट चाटत, अगदी गंभीरपणे म्हणाला, "एक दिवस मी येईन आणि तुम्ही उठणार नाही."

"बघू," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

तेव्हापासून मॅच संपली की त्याचा पहिला फोन काकूंना. "हाऊ मेनी चाय?" तीन म्हणजे टीम बरी खेळली. आठ म्हणजे धुव्वा. एकदा अकरा झाले. त्या रात्री काका झोपलेच नाहीत.

*

रविवारी पार्किंग लॉटशेजारच्या गवतावर आमचं टेनिस बॉल क्रिकेट चालायचं. जॅरडला बाउंड्रीवर उभं केलं. एक उंच कॅच उडाला. चिन्मय खाली जाऊन उभा राहिला, दोन्ही हात वर, "माझा! माझा!" करत.

ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकवून वर चढून कॅच घ्यायला परवानगी असते, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

जॅरड मागून पळत आला, चिन्मयच्या खांद्यावर चढला, जवळजवळ विजेच्या तारेपर्यंत पोचला आणि एका हातात कॅच घेऊन अलगद उतरला. असा कॅच मी जन्मात पाहिला नाही. सगळे टाळ्या वाजवत होते. गवतात उताणा पडलेला चिन्मय क्षीण आवाजात म्हणाला, "आउट कोण झालं? तो की मी?"

*

आणि मग ऑक्टोबरमधली ती मॅच. जॅरड लाथ मारायला उभा राहिला आणि बघतो तर समोरची उजवी बाजू पूर्ण मोकळी! सात वर्षांची सवय, पाय थोडेच ऐकतात? चेंडू बगलेत मारून तो पळत सुटला. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. त्याच्या पुढे कोणी नाही. आम्ही एकमेकांना मिठ्या मारतोय...

त्याच्या जुन्या खेळात एक नियम आहे. चेंडू घेऊन पळताना दर पंधरा मीटरला तो जमिनीवर एकदा आपटायचा.

त्यानं आपटला!

टप्पा अगदी झकास पडला. पण इथे हातातून सुटलेला चेंडू ज्याला मिळेल त्याचा. चेंडू परत त्याच्या हाताकडेच येत होता, पण मध्ये मागून झेपावलेल्या एका पोराचा हात आला. ते पोरगं चेंडू घेऊन उलट्या दिशेनं पळालं, सहा पॉइंट झाले आणि आपण मॅच हरलो.

कोचनं टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "तीस वर्षं कोचिंग करतोय. चेंडू पाडणारे खूप पाहिले. मुद्दाम आपटणारा पहिलाच." आणि जाता जाता, आवाज न चढवता, "टेक्सासमध्ये एक मुलगा बघून ठेवलाय. पुन्हा असं झालं तर पुढच्या वर्षी तुझा लॉकर त्याचा."

*

जॅरड दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी काकू गाडी घेऊन हजर. "त्याला म्हणावं, बूट घालून ये."

काकूंचं बॅकयार्ड लांबलचक, थेट ओढ्यापर्यंत. जॅरडनं चेंडू घेऊन पळायचं आणि काकूंनी शाल गुंडाळून बरोबर मध्यावर उभं राहायचं. तो जवळ आला, हात खाली जायला लागला, की काकू ओरडायच्या, "टप्पा टाकू नको!"

"काकू, इंग्लिशमध्ये सांगा ना," मी म्हटलं.

"ओरडायचं तर मराठीतच. इंग्लिशमध्ये ओरडायला गेलं की माझं आधी ग्रामर येतं."

आठवडाभर रोज संध्याकाळी हा प्रकार. पहिल्या दिवशी त्यानं प्रत्येक फेरीत टप्पा टाकला. हळूहळू हात मध्येच थांबायला लागला. शेवटी शेवटी तर तो स्वतःच पुटपुटत पळायचा, "टापा टाकू नाको, टापा टाकू नाको..."

शेजारची म्हातारी एकदा कुंपणापाशी आली. "विद्या, एव्हरीथिंग ओके?"

"येस, येस," काकू म्हणाल्या. "होमवर्क."

*

सीझनची शेवटची मॅच परगावी होती. आम्ही सगळे काकूंच्या सोफ्यावर. आपण तीन पॉइंटनी पुढे आणि जेमतेम एक मिनिट शिल्लक. तिसरा प्रयत्न फसला. जॅरड मैदानात आला. काकू सवयीनं उठल्या आणि किचनमध्ये गेल्या.

चेंडू मागे फेकणाऱ्यानं तो जॅरडच्या डोक्यावरून फेकला.

मी आणि चिन्मय एकदमच किंचाळलो. जॅरड मागे धावला, चेंडू उचलला, वळला तर समोरून दोन कपाटं चालून येतायत! लाथ मारायला वेळच नाही. आता पळणं एवढंच उरलं. पलीकडच्या दहा यार्डांच्या खुणेपर्यंत पोचला तर चेंडू आपल्याकडे आणि मॅच खिशात. वाटेत चेंडू सुटला तर मॅच त्यांची आणि लॉकर टेक्सासचा.

तो पळाला. एकाला चुकवलं. दुसऱ्याला चुकवलं. पुढे मोकळं हिरवं मैदान, आणि त्याचा उजवा हात चेंडूसकट बाहेर यायला लागला...

"टप्पा टाकू नको!"

काकू दारात उभ्या होत्या, हातात साखरेचा चमचा. पडद्यावर जॅरडचा हात खाली गेला आणि मध्येच थांबला. त्यानं दोन्ही हातांनी चेंडू पोटाशी कवटाळला आणि खुणेपलीकडे अंग झोकून दिलं. त्याच्यावर चौघं येऊन पडले. ढिगाऱ्यातून सगळ्यात शेवटी तो उठला. चेंडू पोटाशीच होता.

आम्ही नाचत होतो. काका आरामखुर्चीतून शांतपणे म्हणाले, "विद्या, दूध उतू जातंय."

काकू सोफ्यावर बसल्या. "जाऊ दे."

मॅच संपल्यावर टीव्हीवाल्या बाईंनी जॅरडला गाठलं. तोंडाला गवत, कपाळावर ओरखडा. मागून कोच गेला, जाताना त्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "नेक्स्ट इयर, सेम लॉकर." जॅरडचा चेहरा असा काही उजळला, की चिन्मयनं चष्मा काढून पुसायला घेतला.

बाईंनी माइक पुढे केला. एवढं मोठं स्टेडियम ओरडतंय, सगळा सीझन पणाला लागलाय, त्या क्षणी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?

जॅरडनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

"टप्पा टाकू नको."

बाई गोंधळल्या. "ही काय ऑस्ट्रेलियन म्हण आहे का?"

"येस, मॅम," जॅरड म्हणाला. "आमच्या घरी मोठी माणसं असंच सांगतात."