मूठभर काकडं

मी बोलायला फटकळ. पार्किंगमध्ये कुणी गाडी आडवी लावली की पहिला आवाज माझा. दुधात पाणी जास्त झालं की दूधवाल्याची दारातच हजेरी. आमचे हे म्हणतात, "तुझ्या तोंडी लागायचं तर हेल्मेट घालूनच यावं." मला त्यात कौतुकच वाटायचं. म्हणून तर गेल्या वर्षीचं हे सांगताना जीव नकोसा होतो. बोलायची वेळ आली तेव्हा ही बया तोंडात गुळणी धरून बसली.

आमची सोसायटी नाशिकच्या गंगापूर रोडला. पावसाळ्याच्या तोंडाला दर शनिवारी सकाळी गेटबाहेर पेठ तालुक्याकडची एक बाई रानभाज्या घेऊन बसायची. पहाटेच्या एसटीने यायची, टोपली रिकामी झाली की दुपारच्या एसटीने जायची. वय माझ्याएवढंच, पन्नाशीचं. ती मला "ताई" म्हणायची, मी तिला "ए बाई". चार वर्षं तिच्याकडून भाजी घेतली, पण तिचं नाव विचारावं असं कधी सुचलंच नाही. वॉचमनच्या केबिनशेजारची सावलीतली दीड हात जागा, तेवढंच तिचं दुकान. बाजारात जागेसाठी भांडावं लागतं, ओळख लागते. इथे आम्ही बायका गाउनवर ओढणी टाकून खाली यायचो आणि दोन तासांत तिची टोपली संपायची.

त्या शनिवारी तिने शेवळं आणली होती. पहिल्या सरींच्या सुमारास जमिनीतून टोकदार कोंब वर येतात, त्यांची भाजी. मी दोन जुड्या घेतल्या. तिने वर मूठभर हिरवी, बोराएवढी फळं माझ्या पिशवीवर ठेवली.

"ही काकडं, ताई. याचे पैसे नाय. उकडायची, कुस्करायची आन् त्याचं पानी भाजीत घालायचं. नाय घातलं तर घसा लय खाजतो. आन् शेवळाच्या आतलं पिवळं काढून टाका बरं का."

"बरं बरं," मी म्हटलं.

आता मी सायखेड्याची. गोदाकाठी आमचा मळा. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, सगळं डोळ्यांदेखत वाढलेलं. माझे वडील टेम्पो भरभरून भाजी नाशिकला पाठवायचे. मला भाजी शिकवायची, ती कुणी? डोंगरातून आलेल्या या बाईने? हे मी तोंडाने म्हटलं नाही, पण मनात अगदी याच शब्दांत म्हटलं. गेटातून आत वळले आणि तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात ती काकडं टाकून दिली. हात भरलेले होते, पिशवी जड होती, ही सगळी कारणं मी नंतर शोधली.

घरी येऊन शेवळं निवडली, बारीक चिरली आणि आईची मेथी असायची तशी बेसन पेरून परतली. दिसायला काय झकास झाली! वर शहाणपणा असा की, एक वाटी खालच्या मजल्यावर सेक्रेटरींच्या बायकोला पाठवली. बघा म्हटलं, आम्ही गावाकडच्या बायका काय काय करतो.

दुसऱ्या घासाला घशात सुया टोचायला लागल्या. ह्यांचे ओठ सुजले. ताक पी, गूळ खा, काही केल्या थांबेना. तेवढ्यात खालून फोन आला.

"अहो, काय होतं हो त्या भाजीत? घसा नुसता सोलून निघालाय. त्या बाईने काही सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

एका वाक्याचं काम होतं. सांगितलं होतं हो, मीच मूर्खासारखं ऐकलं नाही. हसण्यावारी गेलं असतं. पण माझी अब्रू मध्ये आली. सायखेड्याचा मळा मध्ये आला. मी म्हटलं, "नाही हो. काहीच बोलली नाही ती."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे घसे बरे झाले. पण सोसायटीच्या ग्रुपवर तोवर निरोप पडला होता : गेटवरच्या बाईची भाजी खाऊन दोन घरांना त्रास झाला आहे, तिला यापुढे बसू देऊ नये. खाली धडाधड अंगठे. एकीने लिहिलं, "कुठून काय उपटून आणतात कोण जाणे." दुसऱ्या एकाने लिहिलं, "या लोकांचं असंच." मी चार ओळी टाइप केल्या, पुसल्या. पुन्हा केल्या, पुन्हा पुसल्या. आणि शेवटी, लिहितानाही लाज वाटते, मी पण एक अंगठा टाकला.

पुढच्या शनिवारी मी दुसऱ्या मजल्यावर खिडकीच्या पडद्यामागे उभी होते. ती आली, टोपली टेकवली. आमचा वॉचमन कळवणकडचा, स्वभावाने मऊ माणूस. तो खाली मान घालून तिच्याशी काहीतरी बोलला. ती ऐकत राहिली. एकदा तिने वर पाहिलं. मी पडदा सोडला. पुन्हा फट करून पाहिलं तेव्हा तो तिच्या डोक्यावर टोपली चढवून देत होता.

दोन-तीन महिन्यांनी मी पंचवटीत भाजी घ्यायला गेले. बाजाराच्या अगदी कडेला, जिथे सगळ्यांचं सांडलेलं पाणी वाहत येतं, तिथे पोत्यावर ती बसलेली. पुढच्या गाळेवाल्याची क्रेट निम्मी तिच्या अंगावर आलेली. "ए, सरक मागं," तो म्हणाला आणि ती सरकली. मी वळणारच होते, पण तिनेच हाक मारली.

"ताई! घसा बरा हाय ना आता?"

आजूबाजूला माणसं असताना मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि भडाभडा सांगून टाकलं. काकडं मी घातलीच नव्हती, फेकून दिली होती, आणि विचारलं तेव्हा खोटं बोलले.

ती जुडीचा दोरा बांधत होती. हात थांबले नाहीत.

"ठाव हाय मला. डब्यात वरच पडली होती. जाताना उचलली मी. झाडावर चढून काढावी लागतात ती."

"अगं, मग वॉचमनला सांगायचं ना तू! गप्प का बसलीस?" बघा माझी तऱ्हा. तिथेही मीच चिडले.

"माझं कोन ऐकतं तिथं? तुम्ही होत्या ना वर, पडद्यापाशी. म्हनलं, ताई बोलंल आता. म्हनून थांबली व्हती थोडी."



त्याच संध्याकाळी ग्रुपवर सगळं लिहिलं. अंगठ्यासकट. आधी एक अंगठा आला, मग "जाऊ द्या हो, तसंही गेटवर पसारा व्हायचा" असं एकाने लिहिलं. मीटिंगमध्ये मी उभी राहिले, भांडले. भांडता मला येतंच. सेक्रेटरींच्या बायकोने माझ्याशी बोलणं सोडलं, पण जागा परत मिळाली. पंचवटीत जाऊन तिला सांगितलं, माफीही मागितली. ती म्हणाली, "बघू." मी नाव विचारलं. तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण लिहू का, हे तिला विचारलेलं नाही.

या वर्षी ती आली. त्याच जागी बसली. मला वाटलं, चला, झालं गेलं निस्तरलं. पहिल्याच शनिवारी मी खाली गेले, दोन जुड्या घेतल्या. तिने मूठभर काकडं दिली. याही वर्षी पैसे घेतले नाहीत. मग तिने केबिनकडे तोंड करून हाक मारली.

"दादा, या जरा इकडं."

वॉचमन आला. तो शेजारी उभा राहिल्यावर तिने मला सगळं सांगितलं. उकडायची, कुस्करायची, पानी घालायचं, पिवळं काढायचं. सांगून झाल्यावर त्याच्याकडे वळली.

"ऐकलं ना, दादा? सांगितलं मी."

"ऐकलं," तो म्हणाला आणि परत केबिनमध्ये गेला.

माझ्यामागे पहिल्या मजल्यावरची नवी सूनबाई उभी होती. मला वाटलं, आता तिच्या वेळेलाही त्याला बोलावेल. नाही बोलावलं. तिला नुसतंच सांगितलं, हसत हसत.