काचेखालचा हक्क

फ्रेमवाल्याच्या दुकानात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा त्याने एका दमात माझे, माझ्या शाळेचे आणि आमच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढले. त्याच्या आवाजाने भिंतीवरच्या चाळीस काचा थरथरल्या, समोरच्या सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर आलं आणि कोपऱ्यावरच्या कुत्र्याने त्या दिवसापासून गल्ली बदलली. माझा गुन्हा एवढाच, की वडिलांचा फोटो मी घडी घालून खिशातून नेला होता.

"घडी? बापाची घडी घालता? हातरुमाल आहे का तो?"

मग त्याने फोटो दोन बोटांनी उचलला, पाठीला खळ लावली आणि पुठ्ठ्यावर ठेवून तळहाताने मधून कडेकडे असा दाबत नेला, की वडिलांच्या कपाळावरची आठीसुद्धा गेली. जिवंतपणी ती कुणाला घालवता आली नव्हती.

"कागद पाठीने चिकटला पाहिजे," तो म्हणाला. "नाहीतर दमट हवेत फुगतो. नव्या पुढाऱ्यासारखा. माझी खळ एकदा बसली की सुटत नाही."

सरळ कापलेली काच आणि तो स्वतः, जगातल्या या दोनच गोष्टींबद्दल त्याला आदर होता. डॉक्टर लुटारू, मास्तर आळशी, गिऱ्हाईक गाढव. आणि असा हा माणूस आरोग्य हक्काच्या कायद्यावर भाळला! कायदा अजून आला नव्हता, नुसता येणार होता. प्रत्येक नागरिकाची गरजेची शस्त्रक्रिया मोफत होणार, असं पेपरात आलं होतं. फ्रेमवाल्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला होता.

"अहो, ही काच वाकडी कापलीत," काकू, म्हणजे त्याची बायको, एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या.

"काच सरळ आहे. तू वाकडी उभी आहेस."

"डॉक्टरांनी सांगितलंय, फार थांबू नका. डोळाच जाईल."

"कायदा येतोय. हक्काने करून घेईन. कुणाचे उपकार नकोत."

काकूंचा भाऊ तिथेच स्टुलावर बसलेला असे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेला कंपाउंडर. तो हसला, की स्टूलही हसायचं.

"दाजी, मी नोकरीत तीन कायदे बघितले. दर कायद्यात औषध तेच राहिलं, पाणी तेवढं वाढलं."

"पाणी घालणारा तूच ना? कायद्याला काय बोलतोस?"

"मी तर नोंदणीसुद्धा करणार नाही. लिहून ठेवा."

कायदा मात्र आपल्या चालीने येत होता. समितीकडे गेला, समिती अभ्यासदौऱ्यावर गेली आणि सर्दी घेऊन परतली. मग मसुद्यात 'उपलब्ध साधनांच्या मर्यादेत' असे शब्द घुसले. मी ते वाचून दाखवले, तर फ्रेमवाला माझ्यावरच उखडला. "तुम्हाला चांगलं काही बघवत नाही. घडी घालणारी माणसं तुम्ही!"

शेवटी कायदा झाला. फ्रेमवाला चार तास रांगेत उभा राहिला आणि नोंदणीची पावती घेऊन आला. जाड कागद, वर गोल शिक्का, मधोमध त्याचं नाव आणि खाली 'हक्कधारक'. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारने त्याला काहीतरी म्हटलं होतं. तो पावतीकडे असा बघत होता, जणू लग्नाचा फोटो आहे. मग त्याने दुकानातली सगळ्यात भारी सोनेरी पट्टी काढली, पावतीला फ्रेम केली आणि दारासमोर टांगली. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायचा. मीही तिचं कौतुक केलं. खोटं कशाला सांगू, थोडं मनापासूनही केलं.

सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेचा निरोप आला. फ्रेमवाल्याने फ्रेम चादरीत गुंडाळली आणि आम्ही तिघं रुग्णालयात गेलो. मी, काकू आणि तो. खिडकीतल्या बाईंनी चादरीतून निघालेल्या त्या वस्तूकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"माझा हक्क."

"बरं. मागचा नंबर सांगा."

"कशाच्या मागचा?"

"पावतीच्या. नोंदणी क्रमांक मागे असतो."

फ्रेमवाल्याने फ्रेम उलटी केली. मागे पुठ्ठा होता, आणि पावतीची पाठ त्याच्याच खळीने पुठ्ठ्याला चिकटलेली.

"नावावरून शोधा ना," काकू म्हणाल्या.

"तशी तरतूद नाही. पुढचे कोण?"

तिथल्याच बेसिनमध्ये आम्ही पावती पुठ्ठ्यासकट भिजवली. फ्रेमवाल्याने नखाने कोपरा खरवडला, मग काकूंनी, मग मी. आयुष्यभराची त्याची फुशारकी खरी निघाली. खळ सुटली नाही. शाई सुटली. निळं पाणी बेसिनमधून गेलं आणि त्याबरोबर नंबर गेला.

दुकानात परतलो तर कंपाउंडर स्टुलावर, डोळ्यांवर काळा चष्मा.

"तुला काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काल मोतीबिंदू काढला. त्याच कायद्यात."

"नोंदणी करणार नव्हतास ना?"

"विश्वास नव्हताच, ताई. पण पावती पाकिटात होती."

फ्रेमवाल्याने स्टुलाखालून पट्टी ओढून काढली आणि उगाचच मोजायला लागला.

"अहो, आता तरी खासगीत करू," काकूंनी हात जोडले. "माझं ऐका."

"हक्काचं सोडून? याला मिळतं आणि मला नाही?"

त्याने पुन्हा रांग लावली, पुन्हा नोंदणी केली. नवी पावती त्याने वरच्या खिशात ठेवली आणि तिचा नंबर पाठ केला. दुसरी पाळी अकरा महिन्यांनी आली. डॉक्टरांनी डोळा तपासला. आतला दाब वाढून नस निकामी झाली होती, आता शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. कागदावर त्यांनी तसं लिहून दिलं, मोफत.

उजव्या डोळ्याने त्याला दिसत नाही. दुकान भाड्याने दिलंय. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.