प्रार्थनेशिवाय पुरलेली दोघं

आमच्या चर्चच्या पाळकांनी माझ्या बायकोला फसवलं. पैशाने नव्हे, पैशाने फसवणारा मला दारातच कळतो. नेरे गावात जुने दरवाजे-खिडक्या विकून मी उभा राहिलो. वाळवी लागलेली चौकट रंग देऊन आणली तरी मी ठोकून ओळखतो. पाळकांचा शब्द मात्र कधी ठोकून पाहिला नाही.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, म्हणून हिंजवडीच्या दवाखान्यात टेस्ट ट्यूबचे उपचार घेतले. दोन गर्भ तयार झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत्ता एकच ठेवू, दुसरा गोठवू. यांच्या पिशवीला जुळं झेपायचं नाही."

रविवारी उपासनेनंतर बायकोने पाळकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, दोन्ही देवाने दिलेले जीव. जिवंत लेकरू बर्फात ठेवणं पाप आहे."

घरी मी डॉक्टरबाईंची बाजू मांडली, तर बायको उसळली. "घासाघीस दुकानात करा. हितं माजी लेकरं हायेत."

दोन्ही गर्भ ठेवले. पाचव्या महिन्याच्या तोंडाशी दोन्ही गेले.

दवाखान्याने पांढऱ्या कापडात गुंडाळून दिलेली ती दोघं घेऊन मी पाळकांच्या दारात गेलो. दफनाची प्रार्थना करा म्हणालो.

"भाऊ, ती जन्मली कुठं? न जन्मलेल्यांचा दफनविधी आपल्यात नसतो."

"बर्फात ठेवायचं तवा लेकरू व्हतं. आता ह्या कापडात काय हाय?"

"देवाची इच्छा. शांत व्हा."

हातात कापड नसतं तर मी त्यांची गचांडी धरली असती.

कब्रस्तानाच्या कुंपणाशी मीच खड्डा खणला. प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो, पण 'आम्ही इतरांना क्षमा केली' या अर्थाच्या ओळीवर जीभ अडली. तशीच माती लोटली.

आता बायको चर्चमध्ये प्रभुभोजन घेत नाही. भाकरी आणि प्याला पुढच्या रांगेत फिरू लागला की पदर ओढून मान खाली घालते. परवा भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "डाक्टरबाईंचं ऐकलं असतं तर एक तरी जगलं असतं. म्हंजे मीच मारलं न्हवं?"

तव्यावरची भाकरी करपली.

पाळकसाहेब, पाप म्हणजे काय हे तिला तुम्ही शिकवलंत. आमच्या घरी या, तिच्यासमोर बसा. ते जीव होते, तर प्रार्थना का नाकारलीत? नव्हते, तर तिला भीती का घातलीत? मला नको, तिला उत्तर द्या.