संत्र्यांच्या टोपलीचं जुनं व्हर्जन

"ताई, हे जुनं करून द्या."

सुभाषशेठनी माझ्या काउंटरवर मोबाईल ठेवला. स्क्रीन शाबूत, बॅटरी शाबूत, आवाज खणखणीत. शेलूबाजारला हायवेच्या कडेला मी एकोणीस वर्षं मोबाईल दुरुस्त करते आहे. इतक्या वर्षांत लोकांनी जुनं आणून नवं करून मागितलं. चांगलं चाललेलं आणून जुनं करा म्हणणारा हा पहिलाच. निदान "दुकानदार कुठं गेले?" असं तरी त्यांनी विचारलं नाही. अजूनही नवीन गिऱ्हाईक माझ्या हातातली सोल्डरिंग गन बघतं आणि तरीही माझ्या खांद्यावरून मागं डोकावतं, पुरुषमाणूस कुठं बसलाय ते शोधायला.

"काय जुनं करू?" मी विचारलं.

"गेम. बाईजीचा."

बाईजी म्हणजे त्यांच्या आई. अख्खा बाजार त्यांना बाईजी म्हणतो, पोटचा मुलगासुद्धा. बाजारात या जैन कुटुंबाचं कापडाचं दुकान आहे आणि मागच्या बाजूला घर. गेल्या वर्षी बाईजींना लकवा झाला. पाय सुधारला, उजवा हात अडला. डॉक्टरांनी बोटांना रोज काम द्यायला सांगितलं. मऊ चेंडू दाबून त्या कंटाळल्या. मग त्यांच्या हाताला मालीश करायला किन्हीराजाहून येणाऱ्या मालूबाईनं आपल्या मोबाईलमधला एक गेम त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. चित्राचे तुकडे बोटानं सरकवून जागेवर बसवायचे, एवढाच तो गेम. बाईजींना तो आवडला आणि बोटं हलू लागली. चेंडूला जे जमलं नाही ते गेमनं केलं.

आणि मग अपडेट आलं.

अपडेट म्हणजे काय, ते सांगते. गेम बनवणारी कंपनी अधूनमधून गेमचं नवीन रूप पाठवते. त्याला व्हर्जन म्हणतात. मोबाईल वायफायवर असला की नवीन व्हर्जन आपोआप येऊन जुन्याच्या जागी बसतं. तुम्हाला विचारत नाही. झोपेतून उठावं आणि स्वयंपाकघरातले डबे कुणीतरी इकडचे तिकडे केलेले असावेत, तसं.

या कंपनीनं काय सुधारणा केल्या होत्या? तुकडे बारीक केले. वर घड्याळ बसवलं, साठ सेकंदांत चित्र पूर्ण करा. नेट बंद केलं तर गेम उघडतच नाही. आणि प्रत्येक चित्रानंतर जाहिरात. ती पण कशाची, तर मटण बिर्याणीची. हंडीचं झाकण निघतं, वाफ येते, मोठा तुकडा कॅमेऱ्यासमोर नाचतो. कांदा-लसूण न खाणाऱ्या, सूर्य मावळायच्या आत जेवणाऱ्या बाईला. कुठल्यातरी थंड ऑफिसात बसून हे ज्यांनी ठरवलं, ते पगारही घेत असतील आणि वर त्यांना प्रमोशनही मिळालं असेल.

"बाईजीनं मोबाईल फेकला पलंगावर," शेठ म्हणाले. "म्हने, मी हे हातात धरनार नाई. बोटं आखडून राह्यली तिची."

"पाच मिनिटाचं काम हाय," मी म्हणाले. "नवं व्हर्जन काढाचं, जुनं टाकाचं."

"मंग टाका ना!"

"पन जुनं टाकताना लेव्हल जातीन."

शेठचा चेहरा असा पडला, जणू मी दुकानाला आग लागल्याचं सांगितलं.

इथंही थोडं समजावते. अँड्रॉइड मोबाईल नव्याच्या डोक्यावर जुनं व्हर्जन बसू देत नाही. आधी नवं पूर्ण काढावं लागतं, त्याला अनइन्स्टॉल म्हणतात. ते केलं की गेमची सगळी आठवणही पुसली जाते. किती चित्रं लावली, कुठवर पोचलो, सगळं. गेममध्ये ईमेलनं लॉगिन केलेलं असेल तर आठवण परत आणता येण्याची शक्यता असते. इथं लॉगिन कुणी केलेलंच नव्हतं.

"सहाशे त्रेचाळीस लेव्हल हाय ताई," शेठ म्हणाले. "बाईजीची मेहनत हाय ते. ते जायला नाई पाह्यजे."

मला वाटलं, काय मुलगा आहे! आईच्या मेहनतीची केवढी कदर. बाजारात ते येईल त्याला सांगत, आमची बाईजी या वयात सहाशेच्या पुढं गेली. मीसुद्धा माझ्या दोन गिऱ्हाइकांना हे कौतुकानं सांगितलं होतं. मूर्खपणात मी कुणाच्या मागं नाही.

शेठ मोबाईल घेऊन परत गेले. दोन दिवसांनी आले ते पुतण्याला फोनवर घेऊनच. पुतण्या प्रतीक पुण्यात आयटीत आहे. शेठ त्याचं नाव घेतात तेव्हा मागं इंजिनीअर लावतात, विसरत नाहीत.

"ताई, इट्स सिंपल," प्रतीक स्पीकरवर म्हणाला. "बॅकअप घ्या, डाउनग्रेड करा, रिस्टोर करा."

"बॅकअप कुठून घेऊ? हा गेम त्याचा डेटा बाहेर काढू देत नाही."

"असं कसं? काहीतरी वे असेल ना."

"तुम्ही सांगा."

तिकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग म्हणाला, "मी काकांना एक लिंक पाठवतो. मॉड व्हर्जन आहे. अ‍ॅड नाहीत, सगळ्या लेव्हल ओपन."

लिंक आली. मॉड म्हणजे कुणातरी तिऱ्हाइतानं मूळ गेम फोडून, आत आपल्या मनाचं भरून, पुन्हा शिवलेला गेम. मी ती फाइल शेठच्या मोबाईलला लागू दिली नाही. दुकानात चाचणीसाठी एक जुना फोन ठेवला आहे, त्यात सिम नाही, कुणाचा नंबर नाही. त्यात टाकली. उघडल्याबरोबर तिनं परवानगी मागितली: तुमचे मेसेज वाचू का?

"शेठ, चित्राचे तुकडे जोडाले मेसेज काहून वाचा लागते?"

"काहून?"

"तुमच्या बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येते म्हनून."

शेठनी मान डोलावली आणि म्हणाले, "पन प्रतीक इंजिनीअर हाय ना."

मी फाइल पुसली, चाचणीचा फोन कोरा केला आणि सांगितलं, लेव्हलचा मोह सोडा, मी जुनी खरी फाइल शोधते. शेठ म्हणाले, विचार करतो. विचार करायला ते आणखी आठ-दहा दिवस गायब झाले. मध्ये वाशिमला दोन दुकानांत जाऊन आल्याचं नंतर कळलं. एकानं सांगितलं, मोबाईल फॉरमॅट करा. दुसऱ्यानं सांगितलं, नवा मोबाईल घ्या. माझ्या धंद्यातली विद्वत्ता ही अशी आहे.

मग एका सकाळी मालूबाई आली. तिच्या मोबाईलचं चार्जिंग होत नव्हतं. पिनमध्ये कचरा अडकला होता, तो मी सुईनं काढला. काढता काढता विचारलं, "बाईजीचा हात कसा हाय?"

"कसला हात माय," ती म्हणाली. "पंधरा दिसांपासून गेम बंद हाय. आंगठा पार वाकून राह्यला. म्या तेल लावून लावून सरळ करतो, दुसऱ्या दिवशी तसाच. डॉक्टर म्हने, आता नाई हलवला तं असाच राहीन."

मी सुई खाली ठेवली. पाच मिनिटांचं काम, आणि आम्ही शहाणी माणसं पंधरा दिवस लेव्हल मोजत बसलो होतो.

तेवढ्यात तिचा मोबाईल सुरू झाला. काच तडकलेली, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. आणि पडद्यावर तोच गेम. मी उघडला. मोठे तुकडे. घड्याळ नाही. बिर्याणी नाही.

"मालूबाई, हे अपडेट नाई झालं?"

"त्याले नेट लागते ना? माह्यात नुसता बोलाचा रिचार्ज हाय."

पुण्याच्या इंजिनीअरला जे मिळालं नाही ते मालूबाईच्या फुटक्या मोबाईलमध्ये सुखरूप बसलं होतं, कारण त्या मोबाईलला नेटच नव्हतं. आमच्याकडे गेम असेच फिरतात. एकानं उतरवायचा आणि बाकीच्यांनी शेजारी बसून एका मोबाईलमधून दुसऱ्यात घ्यायचा. ही फाइल मूळ कंपनीचीच होती. मी ती चाचणीच्या फोनमध्ये घेतली. तिनं मेसेज मागितले नाहीत, काहीच मागितलं नाही. नेट लावून पाहिलं, जाहिरात आली ती तळाला बोटभर पट्टीत, साबणाची. एवढ्यानं काही बिघडत नाही.

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी मालूबाईबरोबर शेठच्या घरी गेले. या वेळी ठरवलं होतं की शेठला विचारायचंच नाही. मोबाईल ज्याचा, त्याला विचारायचं.

बाईजी पलंगावर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर उताणा. अंगठा तळहातात दुमडलेला होता. मला बघून शेठ दुकानातून लगबगीनं आत आले.

"बाईजी," मी म्हणाले, "जुना गेम भेटला. पन तुमची सहाशे त्रेचाळीस चित्रं पुसून जातीन. चालन का?"

बाईजी अजून सावकाश बोलतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मालूबाईकडे.

"कोनती सहाशे?" त्या म्हणाल्या.

"तुमी लावली ते."

"मी तं एकच लावतो. संत्र्याची टोपली."

"रोज तेच लावते ना हे," मालूबाई म्हणाली. "बारा तुकडे. लावते, मोडते, पुन्हा लावते. तुमाले नव्हतं माहीत?"

मला माहीत नव्हतं. पंधरा दिवस मी काउंटरच्या या बाजूला उभी राहून मुलाशी हुज्जत घातली आणि जिचा हात, तिला एक प्रश्न विचारायला चार दुकानं ओलांडून आले नाही. एकोणीस वर्षांचा अनुभव म्हणे.

शेठ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

मी कामाला लागले. नवं व्हर्जन काढलं. बाहेरची फाइल घ्यायची परवानगी मोबाईल आधी देत नाही, ती सेटिंगमध्ये जाऊन दिली, गेम टाकला, परवानगी लगेच परत बंद केली. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि मग दार उघडंच राहतं. मग प्ले स्टोअरमध्ये त्या गेमच्या पानावर जाऊन वरच्या तीन टिंबांत आपोआप अपडेटची खूण काढली. हे केलं नाही तर वायफाय मिळताच बिर्याणी परत हजर.

आता एकच अडचण. संत्र्यांची टोपली अकराव्या नंबरला होती आणि गेम कोरा झाल्यामुळं आधीची दहा चित्रं लावल्याशिवाय ती उघडणार नव्हती. मी पहिलं चित्र लावायला घेतलं. मोबाईल उघडून आतल्या केसाएवढ्या तारा जोडते मी, पण त्या तुकड्यांत माझं डोकं चालेना. जहाजाचं शीड मी दोनदा उलट्या बाजूला नेलं.

"अवं तसं नाई, कोपऱ्यापासून घ्या," शेठ म्हणाले. मग जरा वेळानं, "ते वर, वर." आणि मग त्यांना राहवलंच नाही. "द्या इकडं."

त्यांनी मोबाईल घेतला. अंगठा असा फिरू लागला की मी बघतच राहिले. जहाज झालं, मांजर झालं, पवनचक्की झाली. चित्र पूर्ण दिसायच्या आधीच त्यांना तुकड्याची जागा माहीत होती. दहा चित्रं त्यांनी बघता बघता संपवली आणि मान वर केली, तेव्हा आम्ही तिघी त्यांच्याकडे बघत होतो.

"तू खेयते?" बाईजी म्हणाल्या. "माह्या मोबाईलवर?"

शेठ मोबाईलचा पडदा सदऱ्याला पुसू लागले.

"म्हनून तू चार्जिंगले नेते का मोबाईल?"

बाईजी सकाळ-संध्याकाळ सामायिकाला बसतात. अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी जप-ध्यान, त्या वेळात मोबाईलला हात लावायचा नाही. त्या बसल्या की मुलगा मोठ्या काळजीनं मोबाईल दुकानात न्यायचा, चार्जिंगला. स्वतःच्या मोबाईलवर खेळला असता तर बाजारात शेठ गेम खेळताना दिसले असते. आईच्या मोबाईलवर खेळला की आईची मेहनत दिसत होती.

"तुह्या लेव्हलपायी म्या पंधरा दिवस बसून राह्यलो?" बाईजींनी विचारलं. आवाज चढला नाही. शेठनी मोबाईल त्यांच्या मांडीवर ठेवला आणि गिऱ्हाईक आलं असेल म्हणून निघून गेले. गिऱ्हाईक आलं नव्हतं.

मालूबाईनं बाईजींचा अंगठा सरळ करून पडद्यावर टेकवला. पहिला तुकडा निसटला, दुसरा निसटला. तिसरं संत्रं टोपलीत बसलं. पानाचा तुकडा त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो लावायला त्यांना किती तरी वेळ लागला आणि आम्ही दोघींनी मदत केली नाही.

अंगठा आणि शेजारचं बोट आता बऱ्यापैकी चालतं. मधलं बोट अजून रुसलेलं आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेले पंधरा दिवस भरून काढायला पंधरा दिवस पुरत नाहीत. मी तेव्हापासून दुकानात एक नियम केला आहे. आणणारा कितीही मोठा असो, मोबाईल हातात घेण्याआधी विचारते, हा वापरतं कोण? ते माणूस समोर नसेल तर फोन लावून द्यायला सांगते. लोकांना हे उद्धटपणाचं वाटतं. वाटू दे.

परवा शेठ आले. या वेळी स्वतःचा मोबाईल घेऊन. त्यात नवीन व्हर्जन होतं, घड्याळासकट, आणि ते दोनशे बाराव्या चित्रावर पोचले होते.

"ताई," ते इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "यातली ते बिर्याणी तेवढी काढता येते का?"

"येते ना. जुनं व्हर्जन टाकून देतो. पाच मिनिटाचं काम हाय."

शेठनी मोबाईल पटकन मागं ओढला.

"नको नको. लेव्हल जातीन."