हौसाबाईंचा नैरोबीचा कागद

तुम्ही मंडळी विचारता, "नाना, एवढे किस्से येतात कुठून?" अहो, येतात कुठून काय! भोरच्या कचेरीसमोरच्या ओसरीवर बैठं मेज टाकून मी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. अर्ज लिहायला आलेला माणूस आधी आपली सगळी कर्मकहाणी सांगतो आणि शेवटी म्हणतो, "आता ह्यातलं लागंल तेवढं लिवा." अर्जाला लागतात दोन ओळी. बाकीचं सगळं माझ्याकडे राहतं!

त्यातले निम्मे किस्से एकाच बाईचे निघतील. पालीच्या हौसाबाई. राजगडाच्या पायथ्याच्या शेतकरी घरातली सून. नवरा मुंबईला फिटरचं काम शिकला आणि दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी तिकडे आफ्रिकेत, नैरोबीला, आगगाडीच्या कारखान्यात गेला. मग लढाई लागली, बोटी बंद झाल्या, तो तिकडेच अडकला. लढाई संपल्यावर ह्या बाई नसरापूरपर्यंत चालत आणि पुढे सर्व्हिस मोटारीनं भोरला आल्या आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"नाना, मला न्हवऱ्याकडं जायाचंय. कागद लिवा."

मी म्हणालो, "बाई, कागद एक नाही. पुष्कळ लागतील."

"लागू द्यात. पर म्या जानार!"

जणू मीच त्यांना अडवत होतो.

*

पहिल्याच दिवशी कचेरीत पंचाईत झाली. आमचे हेडक्लार्क दामूअण्णा हे मोठे सरळमार्गी गृहस्थ, पण फॉर्मातला एखादा रकाना रिकामा दिसला की त्यांना जेवण जात नसे. त्यांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

हौसाबाई गप्प.

सगळ्यांच्या लक्षात आलं. बाईमाणूस, नवऱ्याचं नाव कसं घेणार! पट्टेवाला हसत म्हणाला, "उखाण्यात घ्या की बाई!" झालं, चार कारकून लेखण्या खाली ठेवून उखाणा ऐकायला सरसावले.

हौसाबाई कडाडल्या, "उखाना घ्याया ह्ये काय हळदीकुकू हाय? न्हवऱ्याचं नाव घेटलं की त्याचं आयुक्श कमी हुतं म्हनत्यात. तितं आट वरसं आपल्या हातानं भाकरी थापून खातुया, त्येनं वाढतंय व्हय? लिवा! ग्यानू. ग्यानू म्हादू. पुन्यांदा सांगू?"

"नको नको, एकदा पुरे!" दामूअण्णा घाबरून म्हणाले.

त्या दिवशी दामूअण्णांना काय वाटलं कोण जाणे. घरी गेल्यावर बायकोला म्हणाले, "अगं, तूही एकदा माझं नाव घेऊन बघ."

ती माउली म्हणाली, "घेतलं असतं, पण हाक मारावी असं तुमचं कधी कामच पडलं नाही!"

हे त्यांनीच मला सांगितलं. हसत नव्हते.

*

हौसाबाईंचं माहेर नीरेच्या पलीकडचं, शिरवळच्या बाजूचं. म्हणजे जन्म इंग्रजी मुलखात आणि सासर भोर संस्थानात. झाला घोळ! पलीकडचे म्हणत, सासर तिकडे ना, मग प्रजा असल्याचा दाखला तिकडून घ्या. अलीकडचे म्हणत, जन्म पलीकडचा, दाखला तिकडून आणा. सारोळ्याचा पूल ओलांडून बाई चार वेळा गेल्या आणि चार वेळा हात हलवत परत आल्या.

पाचव्या वेळी त्यांनी दामूअण्णांच्या टेबलावर हात आपटला.

"हिकडचं म्हनतंय तिकडची, तिकडचं म्हनतंय हिकडची. मंग म्या नदीत जाऊन हुबी ऱ्हाऊ का? नदी कुनाची त्ये तरी सांगा!"

दामूअण्णांनी चष्मा पुसला आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "निम्मी निम्मी. पण पावसाळ्यात वाद आहे."

शेवटी बायको नवऱ्याच्या राज्याची, असा नियम सापडला. तो सापडायला दोन महिने लागले. कारण तो ज्या पुस्तकात होता, ते पुस्तक दामूअण्णांच्या खुर्चीच्या मोडक्या पायाखाली होतं!

*

मग लग्नाचा दाखला. आता आपल्याकडे लग्नाचा कागद कोण करतो? अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पंगती उठल्या, झालं लग्न. दामूअण्णांनी तोड काढली: लग्नाला हजर असलेले दोन साक्षीदार आणा.

पहिला साक्षीदार पालीचा एक म्हातारा, तो सांगून मोकळा झाला. दुसरे हौसाबाईंचे सख्खे मामा. लग्नात हिला बोहल्यावर घेऊन आलेले. ह्यांच्याइतका पक्का साक्षीदार दुसरा कोण?

दामूअण्णांनी विचारलं, "तुमच्या भाचीचं लग्न तुमच्यासमक्ष झालं?"

"लगीन? कसलं लगीन?" मामा म्हणाले.

आम्ही सगळे चाट! दामूअण्णांनी पुन्हा विचारलं, "तुम्ही मांडवात हजर होता ना?"

"हुतो की. जेवलो बी. पर मला फेटा बांदला न्हाई. ज्या लग्नात मामाला फेटा न्हाई, त्ये लगीन म्या धरत न्हाई!"

किती समजावलं, मामा ढिम्म. हौसाबाई उठल्या, पेठेत गेल्या, कापडाच्या दुकानातून गुलाबी फेटा घेऊन आल्या आणि भर कचेरीत स्वतःच्या हातानं मामांच्या डोक्याला गुंडाळला. मामांनी खिडकीच्या काचेत वळून वळून पाहिलं. एक शेंडा जरा वर काढला.

"आता झालं लगीन!" मामा म्हणाले.

आणि दामूअण्णांनी, साक्षीदाराच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहावेत ह्या नियमाप्रमाणे, लग्नाच्या तारखेच्या रकान्यात त्या दिवसाची तारीख घातली!

दोन महिन्यांनी मुंबईहून कागद परत आला. 'अर्जदाराचा पती आठ वर्षे परदेशी असता त्यांचा विवाह नुकताच कसा झाला, याचा खुलासा करावा.'

हौसाबाई म्हणाल्या, "करा की खुलासा. खोटं काय हाय त्यात?"

मी लिहिलं, 'अर्जदाराचे मामा विवाहप्रसंगी रुसले होते. सबब सदर विवाह त्यांच्यापुरता आठ वर्षे तहकूब होता.'

मंजूर झाला! वर बसलेलाही कोणी आपल्याकडचाच असणार. त्याच्याही घरात एखादा मामा असेलच.

*

पासपोर्टाच्या फोटोमागे कोणा प्रतिष्ठित माणसानं सही करायची असते, की हा फोटो ह्याच माणसाचा आहे. माझ्या ओसरीला लागूनच तात्यासाहेब वकिलांचं घर. हौसाबाई वर्षभर तिथून जात येत होत्या. मी त्यांना घेऊन गेलो.

तात्यासाहेब सोवळ्यातले. खाली मान घालून म्हणाले, "मी ह्या बाईंना चांगला ओळखतो. पण सही करता येणार नाही. परस्त्रीच्या तोंडाकडे मी आजवर कधी पाहिलेलं नाही."

"मग ओळखता कशावरून?" मी विचारलं.

"आवाजावरून!"

ते खरं होतं. हौसाबाईंचा आवाज सगळी पेठ ओळखत होती.

"आवाजाचा फोटू निगत न्हाई, तात्यासायब," हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि समोर येऊन उभ्या राहिल्या. "बगा. निवांत बगा. ज्यानं बगायचं त्यानं आट वरसं बगितलं न्हाई, तुमी तरी बगा आनि सही करा!"

तात्यासाहेब लालबुंद झाले. फोटोकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. सही केली. आणि नकळत बोलून गेले, "फोटोपेक्षा चेहरा बरा आहे."

आत वकीलीणबाईंनी पातेलं आपटलं, ते बाहेर ओसरीपर्यंत ऐकू गेलं.

*

वाट पाहणं हा मोठा उद्योग होता. साहेब दौऱ्यावर, साहेब रजेवर, साहेब आहेत पण शिक्का दौऱ्यावर! हौसाबाई कचेरीच्या पायरीवर बसून राहत. एकदा त्या टोपलीभर पावटे घेऊन आल्या आणि तिथंच सोलायला बसल्या.

पट्टेवाला धावत आला. "बाई, ही कचेरी आहे! इथं पावटे सोलायचे नाहीत."

"मंग काय करायचं हितं? तुमी तर कायच करत न्हाई!"

दुपारपर्यंत ताटकळलेल्या आणखी पाच जणी त्या टोपलीभोवती बसल्या होत्या. चार वाजता दामूअण्णा सांगायला बाहेर आले की आजही सही होणार नाही. हौसाबाईंनी थोड्या शेंगा त्यांच्या ओंजळीत घातल्या. दामूअण्णा पायरीवर टेकले आणि सोलू लागले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एकही दाणा फुटू दिला नाही त्यांनी.

*

हा किस्सा जरा वेगळा आहे. नैरोबीहून पत्र आलं. हौसाबाईंना वाचता येत नसे, पत्रं मीच वाचून दाखवायचो. मी वाचत होतो आणि मध्येच एका ओळीपाशी अडखळलो. ती ओळ सोडून पुढे गेलो.

"नाना, काय गाळलं?"

"काही नाही."

"वाचा."

वाचावं लागलं. त्यानं लिहिलं होतं, 'तू येऊ नकोस. ह्या कागदांत तुझा जन्म जाईल. मी इथं चौघांबरोबर एका खोलीत राहतो. तू आपली घरी सुखानं राहा.'

बाईंनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि त्याची घडी घातली. खरं सांगतो, त्या रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग म्हणाल्या, "लिवा. तुमास्नी म्या नगं आसंल तर तसं सरळ कळवा, म्या माजं बगीन. पर कागदाला भिऊन म्हनत आसाल तर गप ऱ्हावा. कागदाचं म्या बगते." थोडं थांबल्या. "आनि शेवटाला लिवा, मला तुमची लई याद येती."

ती ओळ मी मोठ्या, ठसठशीत अक्षरात लिहिली.

बाईंनी वाकून पाहिलं. "त्ये बारीक लिवा, नाना. आनखी चौगं त्या खोलीत ऱ्हात्यात."

*

सगळे कागद पुरे होत आले आणि संस्थानच विलीन झालं! लोक आनंदात होते, पेढे वाटत होते. दामूअण्णा मात्र हौसाबाईंचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते. प्रत्येक कागदावर जुनं राज्य, जुना शिक्का. सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. हे बाईंना सांगायचं कसं? त्यांनी मला पुढे केलं.

मी चाचरत सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"राज्य बदललं म्हंता?"

"हो."

"न्हवरा बदलला का?"

"नाही, तो तोच आहे."

"मंग त्येवढा रकाना तसाच ऱ्हाऊ द्यात आनि बाकीचं लिवा!"

दामूअण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांच्या नोकरीत कोणाचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला नव्हता, पण तो सबंध गठ्ठा त्यांनी एका बैठकीत स्वतःच्या हातानं नव्यानं उतरवून काढला. पट्टेवाल्यानं आत कोणाला सोडलं नाही. 'साहेब दौऱ्यावर आहेत' म्हणाला!

*

आणि हा शेवटचा. पासपोर्ट आला, नैरोबीचं परमिट आलं, बोटीचं तिकीट झालं. हौसाबाई नवी ट्रंक घेऊन सकाळच्या मोटारीनं भोरला आल्या. सगळे कागद मला एकदा नीट दाखवायचे, दामूअण्णांच्या पाया पडायचं आणि मग मुंबईची वाट धरायची, असा बेत होता. आम्ही कागद मोजत बसलो होतो, एवढ्यात दुपारची मोटार आली. तिच्यातून खाकी विजारीतला एक काळासावळा माणूस उतरला आणि थेट माझ्या ओसरीकडे आला.

"हौसे," तो म्हणाला.

ग्यानू! गावी जायला नसरापूरला उतरला, तिथं कोणी सांगितलं की तुझी बायको सकाळीच भोरला गेली, म्हणून मागोमाग आला होता.

हौसाबाईंनी पदरानं डोळे पुसले. पुन्हा भरले, पुन्हा पुसले. मग विचारलं, "रजंवर आलासा?"

"न्हाई. राजीनामा दिला. त्या कागदांपायी तुजं हाल बगवंनात. आता कुटं जायाचं न्हाई. हितंच ऱ्हाऊ."

"माजं परमिट आलंय."

"आता काय करायचंय त्याचं?"

मलाही राहवेना. म्हणालो, "बाई, परमिट नवऱ्याकडे जायचं. नवराच इथं आला, आता ते कसं चालेल?"

"कागदावर तसं लिवलंय का?"

मी परमिट उलटसुलट करून वाचलं. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"धा वरसं तुमी तितं आनि म्या हितं थांबले," हौसाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "बोट आयतवारी हाय. म्या जातेय. तुमास्नी यायचं आसंल तर या."

"अगं, पर मी राजीनामा दिलाय! मला आता नवं परमिट लागंल!"

हौसाबाई उठून ट्रंकेवर जाऊन बसल्या आणि माझ्या मेजासमोरची चटई त्याच्यासाठी मोकळी केली.

"मंग बसा हितं."

ग्यानू बसला. मी कोरा फॉर्म काढला, टाक दौतीत बुडवला. नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं. पुढचा रकाना आला.

"तिकडे कोणाकडे जाणार?"

ग्यानूनं ट्रंकेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बायकूकडं," तो म्हणाला.